खारीने खाल्लेली भाकर

अक्षर पाहिलं की माणूस ओळखता येतो, असा एके काळी माझा पक्का समज होता. मी नागपूर स्टेशनाजवळ टपालाच्या छाटणीत नोकरीला होतो. गाडीतून उतरलेल्या पिशव्या फोडायच्या, पत्ते वाचायचे आणि पत्रं ज्या त्या गावाच्या खणात टाकायची, एवढंच काम. पण बारा वर्षं दुसऱ्यांची अक्षरं वाचून माझ्या डोक्यात हवा गेली होती. "हे पत्र एखाद्या म्हातारीचं आहे. बघा, हात कसा थरथरतो आहे," असं मी एकदा सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पत्र परत मागायला खिडकीशी एक पैलवान उभा. पत्ता चुकला होता म्हणे, बैलगाडीत बसून लिहिला होता. सगळी छाटणी पोट धरून हसली. मी म्हणालो, "अपवाद असतोच."

चूक झाली की तिला अपवाद म्हणायचं, ही माझी जुनी खोड. त्या खोडीचं ओझं पुढे दुसऱ्याच्या लेकराने वाहिलं, म्हणून हे लिहितो आहे. नाहीतर माझ्या फजित्या सांगायला मला एरवी मोठी मजा येते.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. आमचं चर्च सदर भागात. दर रविवारी उपासनेआधी तासभर मुलांची शब्बाथ शाळा भरायची, आणि दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचा वर्ग माझ्याकडे होता. खरा मास्तर होण्याइतकं शिक्षण माझ्या नशिबात नव्हतं. मॅट्रिकला गणिताने मला दोनदा दारातूनच परत पाठवलं होतं. त्यामुळे रविवारपुरतं का होईना, 'मास्तर' म्हणवून घेताना माझी मान जरा ताठ व्हायची.

वर्गात सोळा मुलं. त्यात माझी स्वतःची बारा वर्षांची मुलगी. आणि तिच्याच वयाची आणखी एक, चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईंची मुलगी. नवरा वारल्यावर त्या बाई भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून इथे आल्या होत्या. चर्चच्या मागे एक खोली होती, त्यात मायलेकी राहायच्या. बाक पुसणं, घंटा वाजवणं, प्रभुभोजनाच्या दिवशी मेजावर पांढरं कापड अंथरणं, हे सगळं त्या बाई करायच्या. मुलगी शाळेत उशिरा घातलेली, त्यामुळे तिचं अक्षर वेडंवाकडं, शिरोरेघ कधी वर तर कधी गायब. माझ्या मुलीचं अक्षर मात्र मी स्वतः बोरूने घोटवून घेतलेलं. मोत्यासारखं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तिच्या वह्या दाखवायचो.

माझ्या घरचा आणखी एक नेम होता. रविवारी उपासना होईपर्यंत घरात कोणी काही खायचं नाही. चहासुद्धा नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, असा नियम नव्हता. आमचे पाद्री, पाळकसाहेब, स्वतः दोन पोळ्या खाऊन यायचे. पण "आमच्या घरी सगळे उपाशीपोटी प्रभूच्या घरी येतात," हे वाक्य मला चारचौघांत उच्चारायला फार आवडायचं. आणि मी? शनिवारची रात्रपाळी संपवून मी सकाळी स्टेशनाबाहेर गाडीवर थांबायचो. पोह्यांवर लाल तर्री ओतून घ्यायचो, वर आणखी एकदा ओतून घ्यायचो, बडीशेप चघळायचो, आणि घरी येऊन उपाशी माणसाचा चेहरा करायचो. रात्रभर उभं राहून काम केलेल्या माणसाला हा नियम लागू नाही, असं मी प्रभूशी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याचं मत विचारलं नव्हतं.

आमच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर वाटून खाण्याचा विधी, महिन्याच्या पहिल्या रविवारी. भाकर म्हणजे डबलरोटी, तिचे बारीक चौकोनी तुकडे करून थाळीत ठेवायचे, वर कापड झाकायचं. ज्यांचं दृढीकरण झालेलं नाही, म्हणजे ज्यांना मोठेपणी मंडळीत रीतसर सामील करून घेतलेलं नाही, त्या मुलांनी त्याला हात लावायचा नाही. त्या मार्चमधल्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी कापड उचललं, तर थाळी अर्धी रिकामी. त्यांनी क्षणभर पाहिलं, उरलेल्या तुकड्यांचे आणखी तुकडे केले आणि सगळ्यांना पुरवले. नंतर कोणी विचारलं तेव्हा म्हणाले, "खिडकी उघडी होती. खार आली असेल." कडूनिंबावर खारी होत्याच. विषय मिटला. खारीने काही तक्रार केली नाही.

पंधरा दिवसांनी मला एक कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की आमची बायको आधीच कपाळाला हात लावायची. मुलांना स्वतःच्या उणिवा दिसायला हव्यात, हा माझ्या वर्गाचा त्या महिन्याचा विषय. पाप, पाप असं ओरडलं की मुलं घाबरतात, त्यापेक्षा त्यांनी आपली दुर्बळता आपल्या हाताने लिहावी आणि देवाच्या हवाली करावी. विचार वाईट नव्हता. अजूनही मला तो वाईट वाटत नाही. मी चपलांचं एक रिकामं खोकं आणलं, त्याला वरून फट पाडली, जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या चिठ्ठ्या कापल्या आणि मुलांना म्हणालो, "नाव लिहायचं नाही. मी वाचणार नाही. कोणीच वाचणार नाही. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, आपण सगळ्या चिठ्ठ्या बाहेर झाडाखाली जाळून टाकू."

"खरंच नाही वाचणार?" एका पोराने विचारलं.

"शब्द दिला."

"मग लिवायचं कायले? मनातच सांगतो ना."

"लिहिलं की आपल्यालाच नीट दिसतं," मी म्हणालो. हे मी बरोबर बोललो होतो. त्या सगळ्या प्रकरणात माझं तेवढंच एक वाक्य धड होतं.

मुलं लिहायला बसली. एरवी गोंगाट करणारी ती सोळा मुलं अशी वाकून, एका हाताने चिठ्ठी झाकून लिहीत होती की मला भरून आलं. भरून आलेल्या अवस्थेत मी खोकं बगलेत मारलं, घरी नेलं, आणि दार लावून उघडलं.

का उघडलं? तेव्हा मी मनाला सांगितलं की मुलांना मार्ग दाखवायचा तर दुखणं कळायला हवं. डॉक्टर नाही का नाडी पाहत! खरं कारण एवढंच की सोळा न वाचलेली अक्षरं माझ्या घरात होती, आणि मी छाटणीवाला होतो.

पहिल्या पाचसहा चिठ्ठ्या वाचून मला हसूच फुटलं. मी 'दुर्बळता लिहा' म्हणालो होतो, कोणाची ते नीट सांगायचं राहून गेलं होतं. एकाने लिहिलं होतं, 'माझा भाऊ अंघोळ करत नाही.' दुसऱ्याने, 'पेटी वाजवणाऱ्या काकांचा सूर लागत नाही.' तिसऱ्याने माझ्याबद्दलच लिहिलं होतं, 'मास्तरांची प्रार्थना लांब असते आणि पाय दुखतात.' मी हसत होतो आणि चिठ्ठ्या मुलांच्या नावावर लावत होतो. ही याची, ती तिची. खण भरत होते.

मग एक चिठ्ठी निघाली. तिच्यावरची अक्षरं एकमेकांवर चढलेली, शिरोरेघ तुटलेली.

'मला भूक आवरत नाही. प्रभूच्या मेजावरची भाकर मी खाल्ली. खारीने नाही.'

मी हसायचा थांबलो. चिठ्ठी कितीतरी वेळ हातात धरून बसलो. आणि मग, देवा, मला आनंद झाला. होय, आनंदच. कारण ते अक्षर मी ओळखलं होतं. मागच्या खोलीतली ती मुलगी. चर्चमध्येच राहते, कापड तिची आई अंथरते, घरी खायची मारामार असणार. सगळं कसं जुळत होतं. आता मला काहीतरी चांगलं करायची संधी मिळाली होती.

पुढच्या रविवारी मी एक अख्खी डबलरोटी वर्तमानपत्रात बांधून वर्गात नेली. मुलांना पाच भाकरींनी हजारोंचं पोट भरल्याची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली, आवाज चढवला, उतरवला. गोष्ट संपल्यावर त्या मुलीला पुढे बोलावलं. ती आली. उन्हाने विटलेला निळा फ्रॉक, केसांना तेल चोपडलेलं. मी पुडकं तिच्या हातात दिलं, डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मृदू आवाजात म्हणालो, "भूक लागली की मागायचं, बेटा. देवाच्या घरी मागायला लाज नसते."

मी तिचं नाव घेतलं नाही, चिठ्ठीचा उल्लेख केला नाही. मी किती जपून वागलो, असं मला वाटत होतं.

ती पुडक्याकडे पाहत राहिली. मग मागच्या बाकावरून एका पोराने विचारलं, "मास्तर, खार सापडली काय?"

सगळा वर्ग हसला. त्या मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने पुडकं पहिल्या बाकाच्या कडेला ठेवलं, सरळ ठेवलं, पडणार नाही असं, आणि ती बाहेर निघून गेली. हसणाऱ्या मुलांत माझी मुलगी नव्हती, हे मला त्या वेळी दिसलं नाही. मी पोरांना दटावण्यात गुंतलो होतो.

त्यानंतर ती वर्गात आली नाही. आवारात मुलं तिला 'खार' म्हणू लागली. ती नळावर दिसली की एकजण ओरडायचा, "पाहा, डबलरोटी झाकून ठेवा गा!" मी दोघांचे कान पिळले. कान पिळून तोंडं बंद होत नाहीत, हे मास्तराला ठाऊक असायला हवं. उत्तम शुक्रवार आला. त्या दिवशी मंडळीचा इतका कार्यक्रम असतो की चिठ्ठ्या जाळायचं राहून गेलं, असं मी म्हणालो. मुलांनीही आठवण करून दिली नाही.

आणि मग एप्रिलचा पहिला रविवार आला, प्रभुभोजनाचा.

आमच्या मंडळीत एक रीत आहे, आणि ती मी स्वतः मुलांना शिकवायचो. ज्याच्या मनात कोणाबद्दल कडवटपणा आहे, त्याने आधी त्याच्याशी समेट करावा आणि मग मेजाशी यावं. मोठी माणसं ही रीत बहुतेक गिळून टाकतात. शेजाऱ्याशी कोर्टात भांडणारेसुद्धा रांगेत उभे असतात. पण त्या दिवशी पाळकसाहेबांनी थाळीवरचं कापड उचललं, आणि ज्या बाईंनी सकाळी ते अंथरलं होतं, त्या आपल्या मुलीचा हात धरून बाकावरून उठल्या. घाईने नव्हे. पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन कडूनिंबाखाली उभ्या राहिल्या. उघड्या दारातून सगळ्यांना दिसत होत्या. थाळी माझ्यापर्यंत आली. मी तुकडा घेतला. घेतला आणि खाल्ला, हे लपवत नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर मी पंख्याखाली आडवा झालो होतो. माझी मुलगी येऊन उशाशी उभी राहिली.

"बाबा, ती चिठ्ठी माझी होती."

"कोणती?"

"भाकरीची."

मी उठून बसलो. "खोटं बोलू नकोस. ते तुझं अक्षर नाही."

"डाव्या हाताने लिहिली. तुम्ही वाचणार नाही म्हणाले होते, पण वाचलंच तर ओळखू नये म्हणून."

मला तिची ती दूरदृष्टी भाल्यासारखी लागली. बारा वर्षांची मुलगी बापाच्या शब्दावर विश्वास ठेवत होती, आणि त्याच वेळी तो मोडला जाईल याची तजवीजही करत होती.

"पण तू का खाल्लीस? तुला घरी..." आणि मी थांबलो.

"भूक लागली होती," ती म्हणाली. "आदल्या दिवशी ताप होता म्हणून जेवले नव्हते. सकाळी आईने दूध देते म्हटलं, तर तुम्ही नाही म्हणाले." मग माझ्याकडे न पाहता, "तुमच्या मिशीले तर्रीचा वास येत होता."

आत भांडी घासणाऱ्या बायकोचा आवाज थांबला. तिने सगळं ऐकलं होतं. आमच्या संसारात ती एवढी गप्प फार थोड्या वेळा राहिली.

मी अक्षर ओळखलंच नव्हतं. मी फ्रॉक ओळखला होता. भूक म्हटली की ती मागच्या खोलीतलीच असणार, माझ्या घरातली नसणार, एवढं मला वाचायच्या आधीच ठाऊक होतं. चिठ्ठीने फक्त हो म्हटलं.

आता सरळ मार्ग एकच होता, आणि त्यावर माझीच मुलगी उभी होती. त्या दुसऱ्या मुलीवरचा डाग पुसायचा तर लोक विचारणार, मग कोणी खाल्ली? सांगितलं तर माझ्या मुलीने विश्वासाने लिहिलेलं मी दुसऱ्यांदा उघडं करणार. नाही सांगितलं तर त्या मायलेकी झाडाखालीच. या पेचाचा मी पुरेपूर फायदा घेतला. म्हणजे काहीच केलं नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. मी विचार करून राहिलो आहे, असं बायकोला सांगायचो.

"किती विचार करता जी," ती एकदा म्हणाली. "ते पोरगी वाळून चालली."

"कोणती?"

"दोघी."

हे खरं होतं. माझी मुलगी ताटावर बसून भाताचे ढीग करायची आणि मोडायची. मग मी पाळकसाहेबांकडे गेलो. मला वाटलं ते मला बायबलमधलं काही वचन काढून देतील, धीर देतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "तुम्हाला मुलीचं नाव वाचवायचं आहे की स्वतःचं?"

"मुलीचं."

"मग अडचण काय आहे? ज्याने चिठ्ठ्या उघडल्या त्याचं नाव सांगा. बाकी कोणाचं सांगायची गरज नाही." दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "आणि घाई करा. पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. त्या बाई कापड अंथरतील आणि पुन्हा बाहेर जातील. मला ते दुसऱ्यांदा पाहवणार नाही."

शनिवारी संध्याकाळी मी मागच्या खोलीशी गेलो. बाई दारात तांदूळ निवडत होत्या. मुलगी आत होती, पुढे आली नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माझी चूक झाली, मुलीचा काही दोष नाही, मी चिठ्ठ्या वाचल्या, वाचून चुकीचं ठरवलं. बाईंचा हात सुपात चालूच होता.

"भाकर देल्ली म्हनून माह्या मनात राग नाई, मास्तर," त्या म्हणाल्या. "गरिबाले कोनी देल्लं तं त्यानं घ्याव. आमी घेतो बी. पन तुमी सगळ्या पोरायसमोर देल्ली."

"चुकलोच."

"अन् माफी मांगाले एकटे आले. इथं कोन पाहून राहिलं? मी अन् हे तांदूळ." त्यांनी एक खडा उचलून बाहेर फेकला. "जिथं सांडलं, तिथंच भरा."

"उद्या वर्गात सांगतो," मी म्हणालो. "तिला पाठवाल?"

"तिले इचारा."

मी आत अंधाऱ्या खोलीकडे तोंड करून विचारलं. उत्तर आलं नाही. मी तसाच परतलो.

रविवारी मी रात्रपाळीवरून सरळ चर्चला आलो. पोह्यांच्या गाडीवरून पुढे निघालो तेव्हा गाडीवाला ओरडला, "काहून भाऊ, नाराज झाले काय?" घरी मात्र त्या सकाळी सगळ्यांनी जेवल्यासारखी न्याहारी केली होती. बायकोने नेम मोडल्याचं मला विचारलंही नव्हतं.

वर्ग भरला. माझी मुलगी तिसऱ्या बाकावर, मान खाली. मी तिला आदल्या दिवशी म्हणालो होतो, तुझं नाव माझ्या तोंडून येणार नाही. तेवढ्यात दारात ती निळ्या फ्रॉकमधली मुलगी येऊन उभी राहिली. आत आली नाही. चौकटीला टेकून राहिली. मागे तिची आई.

मी ठरवून आणलेली वाक्यं विसरलो. म्हणालो, "मी तुम्हाला शब्द दिला होता की चिठ्ठ्या वाचणार नाही. मी त्याच दिवशी घरी जाऊन सगळ्या वाचल्या."

मुलांची तोंडं बदलली. प्रत्येकजण आपण काय लिहिलं होतं ते आठवत होता.

"त्यात कोणीतरी लिहिलं होतं की भाकर मी खाल्ली. मी समजलो, हिने लिहिलं." मी दाराकडे हात केला. "तिने लिहिलं नव्हतं. तिने खाल्ली नव्हती. ती गरीब आहे म्हणून मी तिच्यावर घातलं. तुम्ही तिला जे नाव ठेवलं, ते माझ्यामुळे ठेवलं."

"मंग कोनं खाल्ली?" मागच्या बाकावरचा तोच पोरगा.

"ते सांगणार नाही."

"तुमाले माहीत हाय?"

"हो."

"मंग सांगा ना जी! आमी काई म्हणत नाई."

"नाही. एकदा शब्द मोडला, पुरे झालं."

तो हटेना. "म्हंजे आमच्यातलंच कोनी हाय." पंधरा मुलं एकमेकांकडे पाहू लागली. माझ्या मुलीचे कान लाल झालेले मला दिसले. काहीतरी करायला हवं होतं, आणि माझ्याजवळ द्यायला एकच गोष्ट होती. मी म्हणालो, "ज्याने खाल्ली त्याला भूक होती, आणि त्याने ते कबूल केलं. मी दर रविवारी तर्री-पोहे हाणतो आणि तुमच्यासमोर उपाशी म्हणून उभा राहतो. मी कधीच कबूल केलं नाही. आता कोणाची दुर्बळता मोठी, सांगा."

"दोन प्लेट खाता काय?" कोणीतरी विचारलं.

"एकच. तर्री दोनदा."

वर्ग हसला, आणि त्या हसण्यात तो शोध सुटला. मीही हसलो असेन. पण दारातली मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "मास्तर, म्या बी चिठ्ठी लिवली होती."

"हो."

"त्यात काय होतं, माहीत हाय तुमाले?"

मी सोळाच्या सोळा चिठ्ठ्या आठवल्या. तिची म्हणून मी जी बाजूला काढली होती ती तिची नव्हती, म्हणजे तिची मी दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर लावली होती. कदाचित सगळ्याच चुकीच्या लावल्या होत्या.

"नाही," मी म्हणालो.

"जाळल्या?"

"नाही. घरून आणल्या आहेत."

"मंग जाळा."

आम्ही बाहेर गेलो. कडूनिंबाखाली मी खोकं उलटं केलं. एप्रिलभर उन्हात तापलेली पानं होती खाली, कागद लगेच पेटले. मुलं गोल करून उभी होती. मी प्रार्थना सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ते एक मला त्या दिवशी जमलं. राख होईपर्यंत कोणी हललं नाही. मग बाईंनी बादलीभर पाणी आणून ओतलं, कारण झाडू शेवटी त्यांनाच मारायचा होता, आणि त्या घंटा वाजवायला गेल्या.

उपासनेत त्या नेहमीच्या बाकावर बसल्या. पाळकसाहेबांनी थाळीवरचं कापड उचललं तेव्हा मी पुढे पाहिलं नाही, मागे पाहिलं. त्या उठल्या नाहीत. थाळी त्यांच्यापुढे आली, त्यांनी दोन बोटांनी तुकडा घेतला आणि डोळे मिटले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि पाहायचं काही कारणही नव्हतं. मी त्या दिवशी तुकडा घेतला नाही. बाईंनी मला माफ केलं की नाही, हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांवरून ते वाचायचं धाडस आता माझ्यात उरलं नव्हतं.

त्यानंतर मी आणखी आठदहा वर्षं तो वर्ग घेतला. मुलांकडून काही लिहून घेतलं नाही. आधी मी माझी एखादी फजिती सांगायचो, ताजी, त्याच आठवड्यातली. तुटवडा कधी पडला नाही. मग मुलं आपणहून बोलायची, किंवा बोलायची नाहीत. न बोलणाऱ्यांनाही देव ऐकत असेल असं धरून मी पुढचा पाठ घ्यायचो.

पण त्या रविवारचं थोडं राहिलं आहे. उपासना सुटल्यावर मी सायकल काढली तर माझी मुलगी दिसेना. मग ती मागच्या खोलीकडे जाताना दिसली. एकटीच. मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. तिने दार वाजवलं, आत गेली, दार लोटलं गेलं. मी फाटकाशी सायकल धरून थांबलो. मंडळी निघून गेली. पाळकसाहेब छत्री उघडून निघाले, मला पाहिलं, खोलीकडे पाहिलं आणि काही न विचारता गेले. ऊन डोक्यावर आलं. आतून एकदा मोठ्याने काहीतरी ऐकू आलं, रागाने की रडून, कळलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता, पुढचे केस ओले होते. दारात ती दुसरी मुलगी क्षणभर दिसली, आणि मग दार लागलं.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"हो."

"काय म्हणाली ती?"

माझी मुलगी सायकलच्या मागे बसली, फ्रॉक गुडघ्यांखाली नीट घेतला.

"ते तुम्हाला काहून सांगू, बाबा?"

मी पायडल मारलं.